लहानूच्या डोहातले मिशीवाले मासे

ही हकिकत सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. टाळण्यात मी तरबेज आहे. नोकरीत होतो तेव्हा कामं टाळली, निवृत्त झाल्यावर व्यायाम टाळला आणि सगळा काळ एका माणसाला तोंड दाखवायचं टाळलं. आता शहात्तर पूर्ण झाली. दात निम्मे गेले, गुडघे दोन्ही गेले. जीभ शाबूत आहे तोवर बोलून घ्यावं म्हटलं.

नाशिकहून कळवण, तिथून वर डोंगरात एक गाव आणि परतीला निफाड, असा हा तीन दिवसांचा प्रवास. याचं वर्णन सहसा कुणी लिहीत नाही, कारण वाटेत बघण्यासारखं काय, तर द्राक्षं, कांदे आणि ढाबे. पण मला जे बघायचं होतं ते मीच एकदा तिथल्या पाण्यात सोडून आलो होतो. डोंगरातल्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या गावाची माझ्यामुळे झाली तेवढी बदनामी पुरे.

आधी थोडं स्कॉटलंड

निमित्त झालं एका गोऱ्या म्हाताऱ्याचं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. तिच्या घरामागे नदी आहे. आपल्याकडे नदीकाठी निर्माल्य असतं, तिकडे बाक असतात. त्यातल्या एका बाकावर रोज एक गृहस्थ कंबरेपर्यंत रबरी बूट चढवून बसायचे. मी धरणांत मासे सोडायच्या नोकरीत होतो हे कळल्यावर त्यांना चुलतभाऊ भेटल्याचा आनंद झाला.

"आम्हीही सोडायचो," ते म्हणाले. "ट्राउट. हौशी लोकांच्या गळाला काहीतरी लागावं म्हणून हौदात वाढवलेले, चांगले गलेलठ्ठ. आमच्या नदीत आता बंद केलं."

"का?"

"सामनच्या पिल्लांसाठी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सामन मासा समुद्रातून नदीत वर चढतो आणि अंडी घालतो. पिल्लं पहिली काही वर्षं नदीतच काढतात, एकेक पिल्लू एकेक दगड धरून. दगडाच्या आडोशाला पाण्याची ओढ कमी आणि वाहत आलेला किडा थेट तोंडाशी. तो दगड म्हणजे त्याचं घर, शेत आणि रेशनचं दुकान. त्यात हा हौदातला ट्राउट येऊन पडतो. अंगानं मोठा, आयतं खाऊन माजलेला, गर्दीत वाढल्यामुळे भांडकुदळ. म्हणजे थोडक्यात आमच्या कॉलनीतल्या पदाधिकाऱ्यांसारखा. तो पिल्लाला दगडामागून हुसकतो आणि पिल्लू फारच लहान असलं तर खाऊनच टाकतो.

"मोठे सामन दिसत राहतात," ते म्हणाले, "त्यामुळे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त पिल्लं दिसेनाशी होतात. आणि पिल्लांकडे बघतो कोण?"

मी म्हणालो, "खरं आहे." घरी आलो आणि त्या रात्री जेवलो नाही. मी जेवलो नाही म्हटल्यावर सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधी माझं कपाळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिनं तेव्हा विचारलं काही नाही. ती योग्य जागी विचारते.

पहिला दिवस: कळवणची गाडी

योग्य जागा निघाली एसटी. फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही नाशिकहून कळवणच्या गाडीत बसलो. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे मला प्रवास फुकट.

"सरकारला माझी किंमत कळली," मी म्हणालो.

"हो ना. शून्य," सुमन म्हणाली. दिंडोरी मागे पडल्यावर तिनं पिशवीतून मोसंबं काढलं, सोलायला घेतलं आणि म्हणाली, "आता सांगा. कळवणला कोण आहे आपलं? बाई असेल तर आत्ताच सांगा, मी वणीला उतरते."

"लहानू नावाचा माणूस होता," मी म्हणालो.

त्याचं असं झालं होतं. मत्स्यबीज म्हणजे बोटाच्या पेराएवढी माशाची पिल्लं. प्लास्टिकच्या पिशवीत खाली पाणी, वर ऑक्सिजन, तोंड घट्ट बांधलेलं. धरणावर न्यायची, पाण्यात सोडायची, कागदावर सही घ्यायची. त्या दिवशी जीपमध्ये रोहू-कटल्याच्या पिशव्या होत्या. त्या मीच एका व्यापाऱ्याकडून उचलल्या होत्या. वणीला जेवायला थांबलो. रश्श्याला तर्री अशी होती की मी दोनदा वाढून घेतलं, मग पान खाल्लं, मग पान देणाऱ्याशी गप्पा मारल्या. जीप तोवर उन्हात. डोंगर चढेपर्यंत पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. धरण अजून तासभर दूर होतं. जवळचं पाणी एकच, एका गावाचा डोह.

तो डोह गाव देवाचा म्हणून राखायचं. तिथे खडस मासा होता. पुस्तकात त्याला महासीर म्हणतात, सोनेरी खवल्यांचा, हातभर लांब. पावसाळ्यात तो वर चढायचा आणि पिल्लं डोहाकडेच्या उथळ पाण्यात गोट्यांमागे वाढायची. त्या पाण्यात जाळं नाही, गळ नाही, धुणं नाही. लग्न लागलं की नवरानवरीनं घरात जायच्या आधी डोहावर येऊन माशांना नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा तुकडा घालायचा. मोठ्या माशांनी तुकडा घेतला आणि उथळात पिल्लं दिसली की संसार चांगला होणार. हे सगळं राखायचं काम एका घराकडे, लहानूच्या. पगार नाही. गावजेवणात पहिलं पान त्याचं, एवढाच मान.

लहानू आडवा आला होता. "साहेब, या पाण्यात परकं नको."

"अरे, मासा तो मासा," मी म्हणालो होतो. तो माझ्याहून वयानं मोठा होता, पण तेव्हा मी सगळ्यांना अरे-तुरे करायचो. पहिल्या पिशवीचं तोंड सोडलं तेव्हा मला पिल्लांमध्ये मिशा दिसल्या. रोहू-कटल्याला अशा मिशा नसतात. व्यापाऱ्यानं परदेशी मांगूर मिसळला होता, जो पुढे बंदीचा झाला. हा मासा चिखलात जगतो, हवेवर जगतो आणि हलेल ते खातो. मला पिशवी तिथेच परत बांधता आली असती. पण मग पिल्लं मेली असती आणि ती का मेली याचं कारण कागदावर लिहावं लागलं असतं. कारण होतं तर्री. मी सगळ्या पिशव्या डोहात रिकाम्या केल्या आणि लिहिलं की धरणात सोडल्या. ज्या खात्यात होतो त्याचं नाव लिहीत नाही. चूक खात्याची नव्हती, माझ्या पोटाची होती.

इथवर सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. सटाण्याकडची असावी. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मासा मरी ऱ्हायनात नि तुम्ही जेवत बसनात?"

"हो, बाई."

"आनि हाई बाई तुमनासंगे नांदस," असं म्हणून तिनं सुमनकडे सहानुभूतीनं पाहिलं. सुमननं तिला मोसंब्याच्या दोन फोडी दिल्या. मला एकही आली नाही.

वणीला गाडी दहा मिनिटं थांबली. ती खानावळ आहे अजून, पाटी नवी.

"उतरायचंय का?" सुमन म्हणाली. "रस्सा असेल."

मी गडाकडे तोंड करून हात जोडले. देवी काही बोलली नाही. सुमन बोलली, "तिला नका मध्ये घालू. आणि अजून संपलं नाहीये तुमचं. चेहऱ्यावर दिसतंय."

संपलं नव्हतं. दोन पावसाळ्यांनंतर डोहातली पिल्लं दिसेनाशी झाली. मोठे खडस होते, उथळ पाणी रिकामं. त्या वर्षीच्या नवरानवरींना पिल्लं दिसली नाहीत आणि गावात कुजबुज सुरू झाली की लहानूनं पाण्यात विष घालून पिल्लं विकली. गाव निवाड्याला बसलं. लहानूनं डोहात कोपरापर्यंत हात घालून शपथ घेतली की माझ्या हातून पाण्याला काही झालं नाही. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी साहेबाला बोलावलं. साहेब म्हणजे मी. मी बाटलीत पाणी भरलं, उजेडात धरलं, वास घेतला आणि म्हणालो, "विषाचा प्रकार दिसतो."

पुढचं सांगायला नको. देवाच्या पाण्यातल्या शपथेपेक्षा माझ्या बाटलीतलं पाणी जड ठरलं. गावजेवणात लहानूला पंगतीच्या टोकाला बसवलं. तो जेवला नाही. महिन्याभरात बायकापोरांसह गाव सोडून गेला.

 कळवणला उतरताना सुमन एवढंच म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही नुसते आळशी आहात."

दुसरा दिवस: डोह

कळवणच्या लॉजवर गरम पाणी सकाळी सहा ते सात असं लिहिलं होतं. ते खरं होतं, फक्त कुठल्या दिवशी ते लिहिलं नव्हतं. थंड पाण्यानं आंघोळ करून, जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन कोंबड्यांसह आम्ही वर गेलो.

गावाला आता डांबरी रस्ता आहे, मोबाइलचा मनोरा आहे आणि सरपंच बाई आहेत. हिराबाई. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलता बोलता लसूण सोलणाऱ्या. आधी डोह बघून येतो म्हटलं.

डोह तसाच आहे. काळा कातळ, वर जांभळाची झाडं. काठावर वाकून पाहायला गेलो आणि माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. काढता येईना. तेवढ्यात पिंडरीला काहीतरी गुळगुळीत घासून गेलं. सुमननं काठी पुढे केली, मी ती धरून जोर लावला, पाय आला, चप्पल राहिली. त्या जागी पाणी ढवळलं आणि एक रुंद, चपटं, काळं डोकं वर आलं. मिशा वीतभर. हवा गिळली आणि माझ्याकडे बघत खाली गेलं.

"ओळखलं तुम्हाला," सुमन म्हणाली. "शेवटी तुम्हीच आणलेलं लेकरू."

एका पायानं अनवाणी परत आलो. हिराबाईंनी जेवायला वाढलं. नागलीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, मिरचीचा ठेचा. आम्ही नाशिकमध्ये नागली पौष्टिक म्हणून पिशवीत विकत घेतो आणि तिची बिस्किटं खातो. इथे ती काळीभोर, जड, चुलीवरून सरळ हातात येते. मी एकच भाकरी घेतली. या विषयात माझा पूर्वेतिहास चांगला नाही. जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. वणी, मिशा, बाटली.

हिराबाईंनी लसणाची टोपली बाजूला सारली. "आम्हाला माहीत हाय, साहेब."

"काय माहीत आहे?"

"लहानूबाबा गाव सोडून गेल्यावर चार वर्षांनी पूर आला. तवा हे मिशीवाले खाली शेतात आले, भाताच्या चिखलात. सासऱ्यानं एक फाडला, तर पोटात खडसाची पिल्लं. बोटबोट एवढी. तवाच सगळ्यांना कळलं. मग हळूहळू मोठे खडस बी म्हातारे होऊन संपले."

"मग लहानूला बोलावलं का नाही?"

"कुणी जायचं?" त्या म्हणाल्या. "त्याला पंगतीच्या टोकाला बसवलं ते आमच्याच घरानं. सासरा म्हणाला, पाटलानं जावं. पाटील म्हणाला, ज्यानं बोट दाखवलं त्यानं जावं. जत्रेत दर साली ठरतं, औंदा जायचं. लय ठरतं. नाय कुणी गेलं."

मला फार बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटायला हवं होतं, पण एवढे सोबती मिळाले की माणसाला बरं वाटतंच. सुमनला ते दिसलं असावं.

"निफाडला हाय तो," हिराबाई म्हणाल्या. "पोरीपाशी, मंजुळापाशी. द्राक्षाच्या बागेवर. तुम्ही चाललाच हाय तर सांगा, गाव म्हणतंय ये. पण आधी तुमचं सांगा. तुमचं ऐकल्याबिगर तो आमचं ऐकायचा नाय."

निघताना त्यांनी घरातली एक जुनी चप्पल दिली. पुढचा प्रवास मी एका पायात माझी आणि एका पायात हिराबाईंच्या सासऱ्याची चप्पल घालून केला.

तिसरा दिवस: निफाड

निफाडची थंडी फेब्रुवारीतही पहाटे माणसाला आडवं करते. बागेत सूर्य वर आल्यावर पोचलो. तोड चालू होती. बायका कात्रीनं घड उतरवून क्रेटमध्ये रचत होत्या, बोट न लावता, नुसता देठ धरून. घडावरची पांढरी लव पुसली तर माल परत येतो म्हणे. सुरगाणा, पेठ, कळवणची निम्मी माणसं या दिवसांत इकडे असतात. मंजुळा त्यांची मुकादम. तिनं आम्हाला शेडपाशी नेलं.

लहानू खाटेवर बसून कागद दुमडत होता, क्रेटमध्ये घालायचे. एवढासा झाला होता. मला वाटलं ओळखणार नाही.

"साहेब," तो म्हणाला. "बसा. मंजू, पाणी आण. साहेब आले."

मी बसलो. पाणी प्यालो. वाटेत बसमध्ये मी वाक्य घोटून ठेवलं होतं आणि सुमननं ते दोनदा म्हणून घेतलं होतं. मी तोंड उघडलं.

"तुम्ही आलात ते बरं झालं," लहानू आधी म्हणाला. "मला तुमच्यापाशी बोलायचं होतं. लय वर्षं झाली. तुमचा पत्ता नव्हता."

"माझ्यापाशी?"

"त्या साली भावानं टमाट्यावर औषध मारायचा पंप वरच्या ओहोळात धुतला. मी पाहिला. भाऊ म्हणून बोललो नाय. आन् मग गावासमोर पाण्यात हात घालून सांगितलं, माझ्या हातून काही झालं नाय." त्याचे हात कागद दुमडतच होते. "खोटी शपथ झाली ती. तुमच्या बाटलीनं बरोबर धरलं. गावाचं चुकलं नाय, तुमचं चुकलं नाय. डोह माझ्यामुळं मेला. भाऊ गेला, बायको गेली, कुणापाशी बोललो नाय. तुम्ही शिकलेले. मला माफ करा."

शेडच्या बाहेर ट्रकमध्ये क्रेट चढत होते. सुमननं हातातला चहाचा कप खाली ठेवला. माझं घोटलेलं वाक्य तोंडात होतं. पण त्या वाक्यात मी गुन्हेगार होतो, आणि समोर एक म्हातारा हात जोडून मला न्यायाधीश करत होता. ती खुर्ची मला इतकी सवयीची होती की मी बसलो.

"जाऊ द्या, लहानू," मी म्हणालो. "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका."

तो माझ्या पाया पडला. एका पायात परकी चप्पल होती, त्या पायालाही. मग तो इतका हलका झाला की मंजुळाला म्हणाला, साहेबांना पेटीभर द्राक्षं दे. ती द्राक्षं आम्ही घेऊन आलो. मी उचलली, कारण सुमननं हात लावला नाही.

 ओझरला विमानतळाचा फाटा आला तेव्हा सुमन म्हणाली, "तुम्ही त्याला माफ केलंत."

"हो."

"कशाबद्दल?"

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात परत जातो. ती म्हणाली, आत्ता उतरा, समोरची गाडी परत जाते. मी म्हणालो, गुडघे.

त्यानंतर मी मंजुळाच्या फोनवर तीनदा फोन केला. पहिल्यांदा थंडीवर बोललो, दुसऱ्यांदा द्राक्षांच्या गोडीवर. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "लहानू, त्या डोहाचं असं आहे," आणि तो म्हणाला, "नका काढू साहेब, आता झोप लागते मला." मी म्हणालो, बरं.

चौथा फोन मंजुळाचा आला. तोड संपायच्या आठवड्यात लहानू गेला. "पण शेवटी खूश होते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगायचे, साहेबानं माफ केलं." रक्षा डोहात सोडावी अशी त्याची इच्छा नव्हती. पाणी आपण नासवलं, आता त्यात आपली राख कशाला, असं म्हणाला होता. तिनं ती गोदावरीत सोडली. मला बोलावलं होतं. मी गेलो नाही.

हे छापून आलं की एक प्रत मंजुळाला आणि एक हिराबाईंना पाठवणार आहे. मंजुळाला वाचता येतं. तिनं हे खालचं तेवढं त्या डोहावर मोठ्यानं वाचावं, गाव बसलेलं असताना. निफाडच्या खाटेसमोर मला जे बोलायचं होतं ते एवढंच होतं:

लहानूभाऊ, पंप धुतल्यानं डोह मेला नाही. पाण्यात विष असतं तर मोठे खडस तेव्हाच पालथे पडले असते, आणि ते तर त्यानंतर कित्येक वर्षं जगले. हे मला त्या दिवशी बाटली हातात धरलेली असतानाच माहीत होतं. पिल्लं मी सोडलेल्या माशांनी खाल्ली. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी सोडले. मिशा दिसल्या, तरी सोडले. तुमची शपथ खरी होती. खोटा मी होतो. तुमचं घर माझ्यामुळे उठलं, आणि वर मी तुम्हाला माफ केलं. ती माफी मी परत घेतो. तुमच्याकडे मागतो.